कचेरी हलली, दप्तर कुठे आहे?

अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला ही नावं आपण रेल्वे स्टेशनांची म्हणून ओळखतो. पण ही मुंबई उपनगर जिल्ह्याच्या तीन तालुक्यांचीही नावं आहेत. या तालुक्यांना तहसीलदार आहेत, मंडळ अधिकारी आहेत, तलाठी आहेत. गोराई-मनोरीकडे अजून भात आणि भाजीपाला निघतो. आरेच्या पाड्यांवर पावसाळ्यात आदिवासी कुटुंबं भात लावतात. खाडीकाठी कोळीवाडे आहेत, मुलुंड-भांडुप-कांजूरच्या बाजूला मिठागरांच्या जमिनी आहेत. या सगळ्यांचा कागद शेवटी एकाच जागी असतो, तो म्हणजे तालुक्याच्या कचेरीत.

आज पिकाविषयी नव्हे, तर या कचेरीविषयी लिहायचं आहे. कृषी खात्याच्या माणसाला कचेरीचं काय, असं काही जण म्हणतील. पण कोणत्याही योजनेचा अर्ज भरताना मी पहिला प्रश्न विचारतो, ‘सातबारा आणलात का?’ तो नसेल तर बियाणं, पंप, विमा, सगळंच अडतं. मग सातबाऱ्याच्या मागचे फेरफार आणि फेरफाराच्या मागचं जुनं दप्तर शोधायची वेळ येते. त्या वेळी कळतं की आपली कचेरी वेळोवेळी हललेली आहे, आणि कागद तिच्याबरोबर हलला की मागेच राहिला, याचा पत्ता लागत नाही.

मामलेदार म्हणजेच सरकार

पेशवाईत परगण्याचा कारभार मामलेदार नाहीतर कमाविसदार बघायचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पुष्कळ गोष्टी बदलल्या, पण मामलेदार ठेवला, कारण त्याच्यावाचून गावाचा वसूल येणार नव्हता. या मामलेदाराच्या एकाच इमारतीत सगळं सामावलेलं असे. मधल्या दालनात कोर्ट, एका बाजूला हत्यारबंद पहाऱ्यातला खजिना, दुसऱ्या बाजूला कच्च्या कैद्यांची कोठडी आणि मागे दप्तरखाना. बाहेर झाडाखाली स्टँपवाला आणि अर्ज लिहून देणारा कारकून. दगडी जोतं, कौलारू छप्पर आणि पुढे लांब पडवी असलेल्या अशा कचेऱ्या महाराष्ट्रात अजूनही काही तालुक्यांच्या गावी दिसतात.

सामान्य रयतेच्या लेखी सरकार म्हणजे ही इमारत. म्हणूनच १९४२ साली लोक मुंबईच्या सेक्रेटरिएटवर नाही गेले, ते मामलेदार कचेरीवर गेले. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर, असे शेतकऱ्यांचे मोर्चे हातात तिरंगा घेऊन कचेऱ्यांवर चालून गेले. वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण हुतात्मे झाले. ज्या पायरीवर वडिलांनी शेतसाऱ्यासाठी हात जोडले, त्याच पायरीवर मुलांनी झेंडा नेला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याने न्यायदान आणि कारभार वेगळे करायला सुरुवात झाली. फौजदारी खटले हळूहळू न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुर्ला या ठिकाणी दंडाधिकाऱ्यांची कोर्टं वेगळी आहेत आणि तहसीलदारांची कचेरी वेगळी. तहसीलदाराला कार्यकारी दंडाधिकारी एवढा मान राहिला. पण दप्तरखाना मात्र कचेरीतच राहिला, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच मोलाची गोष्ट आहे.

‘सहा महिने थांब’ इथे चालत नाही

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सगळे घोकतो. पण कचेरीचं एक कोर्ट असं आहे की ज्याची पायरी वेळेवर न चढल्याने नुकसान होतं. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही चालू आहे. शेजाऱ्याने वहिवाटीचा शेतरस्ता बांध घालून अडवला, पाटाचं पाणी तोडलं किंवा कायदेशीर मार्ग सोडून शेताचा कब्जा काढून घेतला, तर या कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. तहसीलदार जागेची पाहणी करतो, दोन्ही बाजूंचं ऐकतो आणि अडथळा काढायचा हुकूम देतो. दिवाणी कोर्टाच्या मानाने हा रस्ता सोपा आणि कमी खर्चाचा.

अट एकच, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण इथे उलटी लागू होते. इथे तुम्ही सहा महिने थांबलात तर काम संपलं. भाऊबंदकीत पुष्कळ जण ‘आज नाही उद्या समजुतीने मिटेल’ म्हणून दोन पावसाळे घालवतात आणि मग कचेरीत येतात. समजूत जरूर काढा, पण तारीख वहीत लिहून ठेवा. जुना रस्ता नसेल आणि शेताला नव्याने वाट हवी असेल, तर त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, तो अर्ज निराळा. या दोन अर्जांची गल्लत करू नये. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला की वेळ जातो, आणि पुन्हा तेच सहा महिने आडवे येतात.

साष्टीची फाळणी

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपली ही सगळी उपनगरं म्हणजे जुनी साष्टी. १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. तेव्हापासून पुढे जवळजवळ दीडशे वर्षं अंधेरी-बोरिवलीच्या माणसाची कचेरी ठाण्याला होती. वांद्र्याच्या शेतकऱ्यालाही फिर्याद घेऊन ठाण्याकडे तोंड करावं लागे.

१९२० मध्ये साष्टीचे दोन भाग झाले. दक्षिण साष्टीची ८४ गावं ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा उभा राहिला. उत्तरेचा भाग ठाण्याकडे राहिला, त्याचाच पुढे ठाणे तालुका झाला. हा फरक कागदावरचा वाटतो, पण त्या दिवशी शेकडो कुटुंबांची कचेरी बदलली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाजांनी छावणी चालवली ते विलेपार्ले याच नव्या जिल्ह्यातलं.

त्यानंतरही सीमा स्थिर राहिली नाही. मधल्या काळात बोरिवली तालुका ठाणे जिल्ह्याला जोडला गेला होता. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत आली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. त्या सुमारास बोरिवली तालुक्यातली गावं आणि मुलुंड ठाणे जिल्ह्यातून काढून बृहन्मुंबईत घेण्यात आली. भाईंदरकडचा भाग मात्र ठाण्याकडेच राहिला. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईचे दोन जिल्हे झाले आणि मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा जन्माला आला. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेच्या प्रशासकीय इमारतीत आहे. कुर्ला तालुक्याची कचेरी मुलुंड पश्चिमेला भरते, हे ऐकून नवखा माणूस चक्रावतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याच्या दप्तराचीही वाटणी झाली.

आता हिशोब करा. मुलुंडच्या एखाद्या घराण्याचा १९४० चा फेरफार, १९६० ची नोंद आणि १९९५ ची नोंद, हे तीन कागद तीन निरनिराळ्या जिल्ह्यांच्या नावाने लिहिलेले असणार. आपण मात्र एकाच खिडकीवर जाऊन विचारतो आणि ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळालं की परत फिरतो. खरं म्हणजे ‘उपलब्ध नाही’ याचा अर्थ ‘या कपाटात नाही’ एवढाच असतो. कागद नष्ट झाला, असा त्याचा अर्थ घ्यायचं कारण नाही.

जुन्या कागदाची किंमत

जुन्या कागदाचं काय लोणचं घालायचं, असं म्हणणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास आणि जातीची नोंद विचारतात. विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आहे. पाड्यावरचा पणजोबा शाळेत गेलेला नसतो, मग शाळेचा दाखला कुठून आणणार? अशा वेळी गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने ठेवलेलं जन्म-मृत्यूचं पुस्तक कामाला येतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा राज्यभर तहसील कचेऱ्यांतले जुने रुमाल सोडले गेले आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मागणी आली. तोवर त्या रुमालांना कुणी हात लावत नव्हतं.

दुसरी गोष्ट कुळाची. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळाला मालक केलं. पण त्याच कायद्याच्या कलम ४३-सी प्रमाणे मालकी देणारी ही कलमं बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या जमिनींना लागत नाहीत. आधी मिळालेले कुळाचे हक्क मात्र राखलेले आहेत. आपली हद्द १९५७ सालीच वाढली, हे वर पाहिलं. म्हणजे आपलं गाव महापालिकेत नेमकं कोणत्या तारखेला गेलं आणि त्याआधी कुळाची नोंद होती का, यावर सगळं प्रकरण फिरू शकतं. हे तपासायचं तर आजचा सातबारा पुरत नाही, त्या वेळचे पीकपाणी आणि फेरफार लागतात. अशा बाबतीत जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा, पण वकिलाकडे जाताना हातात नकला असाव्यात.

तिसरी गोष्ट वनहक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. तिथेही सरकारी दप्तरातल्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. दंडाची पावती असली तरी ती फेकू नका. ज्या पावतीने आजोबांना अतिक्रमणदार ठरवलं, तीच पावती ते तिथे शेत करीत होते हे सांगते.

चौथी गोष्ट खुद्द सरकारची. २०२० मध्ये कांजूरमार्गची १०२ एकर जागा मेट्रो कारशेडसाठी द्यायचा हुकूम उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी काढला. केंद्राच्या मीठ खात्याने जागेवर आपला हक्क सांगितला, आणि १६ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या हुकुमाला स्थगिती दिली. जमीन कुणाची हे ठरवायला राज्य सरकार आणि केंद्र सरकार दोघांनाही जुन्या कागदांकडेच जावं लागलं. तिथे तुमची-आमची काय कथा?

इमारत आणि दप्तर

अमेरिकेत प्रत्येक कौंटीच्या मुख्य गावी भर चौकात कोर्टहाउस असतं. आपल्या मामलेदार कचेरीसारखंच ते कोर्टही असतं आणि जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नाच्या नोंदी ठेवायची जागाही असते. तिथल्या यादवी युद्धात व्हर्जिनिया राज्यातल्या कित्येक कोर्टहाउसांतली दप्तरं जळाली. आज दीडशे वर्षांनंतरही त्या भागांना ‘जळालेल्या कौंट्या’ म्हणतात, कारण तिथल्या लोकांना आपल्या खापरपणजोबाचा कागद सापडत नाही. इमारती पुन्हा बांधल्या गेल्या, कागद पुन्हा लिहिता आला नाही. आपल्याकडेही २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा फायली पुन्हा उभ्या करताना सरकारची किती दमछाक झाली, हे सर्वांना आठवत असेल.

जुन्या इमारतीही जपाव्यात, याबद्दल दुमत नाही. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत दुरुस्त करून १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. जुनी वास्तू कामाला लावली की ती टिकते, याचं हे चांगलं उदाहरण. पण उपनगरात जमीन सोन्याच्या भावाची. इथे कचेऱ्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणारच. इमारत बदलली तर आपलं फार बिघडत नाही. टेम्पोत भरताना एक रुमाल सुटून पडला, तर एका गावाचा इतिहास जातो. दप्तरात ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा असतो, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षं, ‘ड’ वर्गाचा वर्षभराने नष्ट करायचा. स्थलांतराच्या घाईत ‘अ’ चा कागद ‘ड’ च्या ढिगात गेला, तर नंतर विचारायला कुणी उरत नाही.

गावकामगार मित्रांना

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), मंडळ अधिकारी आणि कोतवाल मित्रांना शेतीच्या भाषेत एक सुचवतो. आपण बियाणं कसं साठवतो? भिंतीला टेकवत नाही, जमिनीवर ठेवत नाही, ओल लागू देत नाही आणि मधूनमधून उन्हाला दाखवतो. दप्तराचंही तसंच आहे. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, म्हणजे वाळवीची माती चढलेली लगेच दिसेल. खालचा खण जमिनीपासून उंच ठेवा. उपनगरातला पाऊस आणि खारी हवा लक्षात घेता जूनपूर्वी छप्पर आणि खिडक्या पाहून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणून तळमजल्यावर ‘अ’ वर्गाचे कागद ठेवूच नयेत. भिजलेला रुमाल कडक उन्हात टाकू नका, कागद चुरा होतो. पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत एकेक पान सुटं करून वाळवा. आणि कचेरी हलवायची असेल तर आधी यादी, मग टेम्पो. यादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही हवीच.

आपण काय करावं?

शेतकरी बंधूंनो, पेरणीआधी जशी आपण शेताची तयारी करतो, तशी कचेरीत जाण्याआधी घरी करा.

एक, गावाचं महसुली नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर आधी शोधा. उपनगरात पुष्कळ ठिकाणी नगर भूमापन होऊन सातबारा बंद झाला आणि मिळकत पत्रिका उघडली. तेव्हा जुना सर्व्हे नंबर आणि नवा सिटी सर्व्हे नंबर यांचा मेळ लावून घ्या.

दोन, एका कागदावर तारखा मांडा. १९२० च्या आधीचा कागद ठाण्याकडे, त्यापुढचा उपनगराकडे, बोरिवली आणि मुलुंडकडच्यांनी १९५७ पूर्वीसाठी पुन्हा ठाण्याकडे, १९९० पर्यंत बृहन्मुंबईच्या नावाने आणि त्यानंतर आजचा जिल्हा. आपला कागद ज्या सालचा, त्या सालची कचेरी कोणती, हे ठरवूनच घराबाहेर पडा.

तीन, आधी ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर शोधा. जुनं दप्तर स्कॅन करून लोकांसाठी खुलं झालेल्या पहिल्या सात जिल्ह्यांत मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर आहेत. गावातल्या कॉलेजच्या मुलाला हाताशी धरा, काम सोपं होईल.

चार, तिथे न मिळाल्यास नकलेसाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी ‘नाही’ स्वीकारू नका. माहितीच्या अधिकाराखाली तीस दिवसांत लेखी उत्तर मिळालं पाहिजे. कागद गहाळ असेल तर तेही लेखी मागा. सार्वजनिक अभिलेख सांभाळण्याचाही कायदा आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

पाच, मोडीतला कागद मिळाला तर तो जाणकाराकडून वाचून घ्या. वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी समजू नका. मोडी शिकणारे तरुण आता पुष्कळ आहेत.

सहा, प्रमाणित नकला घरातल्या एकाच ट्रंकेत ठेवू नका. एक संच भावाकडे आणि एक लेकीकडे द्या. लेकीचाही त्यात हक्क असतो, हे विसरू नका.

यंदाच्या हंगामात भात लावून झालं की पोळ्याच्या आसपास थोडी उसंत मिळते. तेवढ्यात हे काम उरकून घ्या. ज्यांना आजोबांचं नाव ठाऊक आहे अशी वडीलधारी माणसं घरात असतानाच सर्व्हे नंबर आणि जुनी नावं त्यांना विचारून वहीत उतरवा. कचेरीतला कागद उद्याही कदाचित सापडेल, पण तो कोणत्या नावाने शोधायचा हे सांगणारं माणूस उद्या असेलच असं नाही.